वडाखालच्या उपड्या वाट्या

फार पूर्वी गोदावरीच्या काठी अस्सकांचा एक राजा सुखाने राज्य करीत होता, आणि त्याच्याच नगरात बोधिसत्त्व एका वैद्याच्या घराण्यात जन्माला आले होते. लोक त्यांना सोमिलवैद्य म्हणत. ही कथा सुरू होते तेव्हा त्यांची साठी उलटली होती. तीस-पस्तीस वर्षे नाड्या पाहून बोटांची टोके गुळगुळीत झाली होती, आणि दुसऱ्यांची दुखणी ऐकून कान इतके भरले होते की घरात कोणी 'पाय दुखतो' म्हटले तरी ते उठून दुसऱ्या खोलीत जात. बोधिसत्त्व झाले म्हणून काय, माणूस दमतोच.

त्या नगरात वैद्यकीची एक रीत होती. रोगी दारात आला की वैद्य त्याला आपल्या घरची एक मातीची वाटी देई. वाटीच्या बुडाशी, आतल्या बाजूला, वैद्याची खूण कोरलेली असे. बोधिसत्त्वांची खूण पिंपळाच्या पानाची होती. औषध प्यायचे ते त्याच वाटीतून. रोगी बरा झाला की वाटीत गुळाचा खडा घालून ती परत आणून देई. मग वैद्य तिच्या कानात दोरी ओवून ती दारावरच्या माळेत अडकवी. नवा रोगी आला की आधी मान वर करून माळ पाही आणि मग जोडे काढी. भद्रसेन नावाच्या वैद्याच्या दारी तर दुधीच्या वेलासारख्या वाट्या लोंबत. वारा सुटला की त्यांचा किणकिणाट तिसऱ्या आळीत ऐकू जाई, आणि भद्रसेनाला तो आवाज फार आवडे.

रोगी दगावला तर मात्र वाटी वैद्याकडे जात नसे. घरची माणसे ती पश्चिम वेशीबाहेरच्या वडाखाली उपडी ठेवून येत, आणि तिला मग कोणी हात लावीत नसे. वैद्यांनी तो वड पाहणे अशुभ समजत. म्हणून नगरातले झाडून सारे वैद्य रानात जायचे झाले तरी दक्षिण वेशीने जात. कोसभर वळसा पडे, पण कोणाची तक्रार नसे. काही घरांतून मृत्यूचा निरोप येई, बऱ्याच घरांतून येत नसे. ज्यांची वाटी आली नाही ते बरे होऊन गुळाचा कंटाळा करीत असावेत, असे वैद्य आपापसात म्हणत आणि लोकांच्या विसरभोळेपणाला हसत. बोधिसत्त्वही त्या हसण्यात असत.

त्या वर्षी पुराने दक्षिण वेशीबाहेरचा साकव वाहून गेला. आश्विनात बोधिसत्त्वांना मुळ्या आणायला रानात जायचे होते, पण वाट नव्हती. दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी 'आता या वयात शुभ काय आणि अशुभ काय' म्हणून पिशवी खांद्याला लावली आणि पश्चिम वेशीने निघाले. वडापर्यंत येता येता गुडघे बोलू लागले. सावली दाट होती, म्हणून ते तिथेच पारंबीला टेकून बसले.

वाट्या पुष्कळ होत्या. काही फुटलेल्या, काही मातीत रुतलेल्या, एकीवर मुंगळ्यांनी वारूळ केलेले. बोधिसत्त्वांनी सहज हात लांबवून जवळची एक सुलटी केली. बुडाशी भद्रसेनाची खूण होती. का कोण जाणे, त्यांना थोडे बरे वाटले. दुसरी उचलली तर तिच्यावरही त्याचीच खूण. तिसऱ्या वाटीवर पिंपळाचे पान होते.

मग ते गुडघ्यांचे दुखणे विसरून वडाभोवती फिरले. पिंपळपानाच्या वाट्या पुढ्यात जमत गेल्या. ज्यांना आपण इतकी वर्षे विसरभोळे म्हणत होतो ते सगळे इथे होते. त्यातल्या एका वाटीच्या काठावर निळीचा डाग होता, बोटाच्या पेराएवढा. एवढ्या वाट्यांमध्ये तेवढीच कोणाची ते कळण्यासारखी होती, कारण निळीत हात घालणारे लोक नगरात एकाच आळीत राहत.

बोधिसत्त्वांच्या मनात आले, ठेवून द्यावी. गेलेले माणूस गेले, विचारून काय मिळणार? घरी जाऊन पाय धुवावेत आणि भात खाऊन पडावे. हा विचार त्यांनी बराच वेळ केला. मग वाटी पिशवीत घातली आणि मुळ्या न आणताच माघारी वळून रंगारी आळीत गेले.

आळीच्या तोंडाशी त्यांनी एका माणसाला वाटी दाखवली. तो चार पावले मागे सरला. "ही रोहकाची असणार," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली त्याला जाऊन. शेवटचं घर. आंबीलवालीचं घर म्हणून विचारा, कोणीही दाखवील."

शेवटच्या घराच्या अंगणात एक बाई निळीच्या रांजणाला टेकून बसली होती. तिचे नाव सामा, रोहकाची बायको. वय चाळिशीच्या आतले, पण पाय घोट्यापासून सुजलेले आणि श्वास वरच्यावर चाललेला. वैद्याच्या डोळ्यांनी बोधिसत्त्वांनी ते आल्या आल्या टिपले. असेच चालले तर ही बाई पुढचा पावसाळा पाहणार नाही, हेही त्यांना तिथेच कळले.

सामाने आधी वाटीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"तुम्ही सोमिलवैद्य," ती म्हणाली. "बसा. पाणी मात्र विचारत नाही. माझ्या हातचं या आळीत कोणी पीत नाही, उगाच तुमची पंचाईत नको."

"तुझे पाय कधीपासून सुजलेत, बाई?"

"पायांचं राहू द्या. तुम्ही वाटी का आणलीत? ती परत आणायची नसते."

"काय झालं होतं ते विचारायला आलो," ते म्हणाले.

सामा हसली. हसण्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "तीन वर्षांनी? बरं. सांगते. रोहकाला ताप भरला आणि सांधे धरले तेव्हा आम्ही आधी भद्रसेनाकडे गेलो. तो एका हाताने याची नाडी धरून दुसऱ्या माणसाशी घराच्या वाशांबद्दल बोलत होता. औषध दिलं, ताप तसाच. मग कोणी सांगितलं म्हणून डोंगराकडच्या एका म्हाताऱ्या वैद्याकडे नेलं. तो माणूस अर्धा दिवस याच्याजवळ बसला. पोट दाबलं, जीभ पाहिली, काय खातोस, काय स्वप्नं पडतात, सगळं विचारलं. शेवटी हात जोडून म्हणाला, 'मला हे कळत नाही, पोरी. माझ्यापाशी वेळ घालवू नकोस, सोमिलाकडे जा.' सगळ्या वैद्यांत तेवढा एकच मला आवडला. म्हणून तुमच्याकडे आलो."

"मी काय केलं?"

"तुम्ही चांगलेच वागलात," सामा म्हणाली. "दारात शे-दीडशे माणूस, तापाची साथ. तरी याच्या खांद्यावर हात ठेवलात. गोळ्या दिल्यात, वाटी दिलीत, आंबट वर्ज्य म्हणून सांगितलंत. दोन दिवस घेतल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी हा म्हणाला, तोंडाला चव नाही, दोन घोट आंबील दे. मी नाही म्हणाले. तो लहान मुलासारखा बघत राहिला. मग दिली मी. दोनच घोट. संध्याकाळी गेला."

ती दम घ्यायला थांबली.

"सासूबाई तुमच्याकडे निरोप घेऊन आल्या. तुम्ही कोणाची तरी नाडी पाहत होतात. मान वर न करता म्हणालात, 'पथ्य मोडलं असेल.' त्या घरी आल्या आणि मला विचारलं, काय दिलंस त्याला? मला खोटं बोलता आलं नाही."

बोधिसत्त्वांना त्यातले काहीच आठवत नव्हते. ना रोहक आठवला, ना ती म्हातारी. आठवले ते एवढेच की हे वाक्य त्यांनी त्या साथीत किती जणांना ऐकवले त्याला सुमार नव्हता. त्यांचे वडील तेच म्हणत, आजोबाही तेच म्हणत. खोटे बोलावे असे कोणाच्या मनात नसे. ते वाक्य दारावरच्या कडीसारखे होते, आपोआप लागे. बाहेर राहिलेल्याचे पुढे काय होते ते आत कळत नसे.

"म्हणून तू स्वतःसाठी औषध घेत नाहीस?" त्यांनी विचारले.

"कोणत्या तोंडाने घेऊ? नवऱ्याला मारून आपण काढे पीत बसायचं?"

मग त्यांच्यातला वैद्य जागा झाला. "जाण्याआधी त्याला काय काय झालं? नीट आठवून सांग. काही सोडू नकोस."

"ओठ बधिर झालेत म्हणाला. जिभेवर मुंग्या चालताहेत म्हणाला. हातपाय बर्फासारखे गार. मी पाय चोळत होते, ते त्याला कळतच नव्हतं."

"हे आंबील प्यायच्या आधी सुरू झालं की नंतर?"

सामा पहिल्यांदाच विचारात पडली. तीन वर्षांत तिला हे कोणी विचारले नव्हते. "मुंग्या तर सकाळपासून होत्या," ती हळूच म्हणाली. "म्हणून तर चव नव्हती त्याला."

बोधिसत्त्वांनी रांजणाच्या काठाला हात टेकला. त्या गोळ्यांत बचनाग होता, आणि ओठ-जीभ बधिर होणे ही त्याच्याच विषाची खूण. बचनागाचे मूळ जहरी असते. गोमूत्रात तीन दिवस भिजवायचे, रोज गोमूत्र बदलायचे, तेव्हा कुठे त्याचे जहर उतरते आणि ते तापावर चालते. साथीच्या त्या दिवसांत औषध संपले होते आणि दारातले लोक रडत होते. त्यांना स्वतःला चार रात्रींची झोप नव्हती. भिजत घातलेले मूळ त्यांनी दोन दिवसांतच बाहेर काढले होते. या खेपेला दोन दिवस पुरे, असे स्वतःशी म्हटल्याचे त्यांना लख्ख आठवले. रोहक आठवला नाही, पण ते ओले मूळ हातात कसे लागले ते आठवले.

सांगितले नसते तर कोणाला कळणार नव्हते. सामाला नाही, भद्रसेनाला नाही, राजालाही नाही. साठीच्या पुढे माणसाला हवे असते ते थोडे स्वास्थ्य आणि दारावरची माळ, आणि दोन्ही त्यांच्याजवळ होते. हे सारे त्या क्षणी त्यांच्या मनात येऊन गेले. बोधिसत्त्वांच्या मनातही असे विचार येतात, पण तिथे मुक्कामाला राहत नाहीत.

"बाई," ते म्हणाले, "तुझ्या आंबिलाने माणूस मरत नाही. रोहक माझ्या गोळीने मेला. मूळ पुरतं शुद्ध झालं नव्हतं. मी थकलो होतो, एक दिवस वाचवला. चूक माझी. तुझी काडीइतकीही नाही."

निळीने रंगलेले आपले हात सामा पालथे-उताणे करून पाहत राहिली. बोधिसत्त्वांना वाटले, आता ही रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हीसाठी ते तयार होते.

"मला सांगून काय उपयोग?" ती शेवटी म्हणाली. "तिकडे सांगा." आणि तिने नदीकडे बोट दाखवले.

नदीवर रंगाऱ्यांचा घाट होता. उन्हे अजून वर होती आणि आळीतली सारी माणसे कापड धूत होती. रोहकाची आई कडेच्या दगडावर वाकून थान आपटत होती. सत्तरीची बाई, हातात अजून जोर होता. बोधिसत्त्व तिच्यासमोर पाण्यात उभे राहिले.

"आई, तीन वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या दारी आला होता. पथ्य मोडलं असेल, असं मी म्हणालो होतो. ते मी न बघता, न विचारता बोललो. तुमचा मुलगा माझ्या औषधाने गेला. सुनेच्या आंबिलाने नाही. ज्यांनी ज्यांनी तिला बोल लावला, त्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगतो."

घाटावरचे आपटणे थांबले. मग एका माणसाने ओले थान पिळले होते तसेच त्यांच्या अंगावर फेकले. ते छातीवर बसले आणि निळे पाणी पोटावरून खाली ओघळले. "वैद्य म्हणवतोस!" तो ओरडला. तो रोहकाचा भाऊ होता. आणखी दोघे पुढे झाले. बोधिसत्त्व जागचे हलले नाहीत, त्यांच्यात हलण्याइतका जोर उरला नव्हता हेही खरे.

म्हातारीने मात्र त्यांच्याकडे पाहिलेच नाही. तिने कापड दगडावर ठेवले, लुगड्याला हात पुसले आणि काठ चढून आळीत गेली. लोक मागोमाग गेले. शेवटच्या घराच्या अंगणात सामा होती तशीच रांजणाला टेकून बसलेली. म्हातारी तिच्यासमोर उभी राहिली. तीन वर्षांचे बोलणे तोंडाशी येऊन अडले असावे, कारण तिचे ओठ नुसते हलत होते.

"सामे," ती शेवटी म्हणाली, "तहान लागलीय गं. पाणी दे."

सामा उठायला गेली, पण सुजलेल्या पायांनी साथ दिली नाही. मग म्हातारीनेच माठातले पाणी तांब्यात घेतले, तो सामाच्या हातात दिला आणि तिच्या हातून घेऊन सगळ्यांदेखत प्यायली. तेव्हा सामा रडली. तिसऱ्या वर्षी, नवऱ्यासाठी पहिल्यांदा. आतापर्यंत रडायचाही आपल्याला हक्क नाही असे तिला वाटत होते.

दाराशी उभ्या असलेल्या बोधिसत्त्वांना तिने जवळ बोलावले. "तुम्हाला माफ केलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "ते जमेल तेव्हा जमेल. पण पायांचं औषध द्या. आणि किती दिवस लागतात ते नीट लावा."

"लावतो," बोधिसत्त्व म्हणाले.

बातमी त्यांच्या आधी घरी पोहोचली. दुसऱ्या दिवसापासून लोक येऊन माळेतली आपापली वाटी सोडवून नेऊ लागले. कोणी मान खाली घालून नेली, कोणी ऐकवून नेली. ज्याची आई त्यांनी मरणाच्या दारातून ओढून आणली होती, तोही घेऊन गेला. पंधरवड्यात नुसती दोरी राहिली आणि जुन्या गुळाच्या वासाने तिच्यावर मुंग्या फिरत राहिल्या.

भद्रसेन समाचाराला आला. "काय हे करून बसलात, सोमिलवैद्य?" तो कळवळून म्हणाला. "त्या एका वाक्यावर आपल्या सगळ्यांची घरं उभी होती. आता माझ्याकडेसुद्धा लोक विचारतात, आमचा माणूस नक्की कशाने गेला? तुम्ही थकला आहात. विश्रांती घ्या."

"थकलोय खरा," बोधिसत्त्व म्हणाले. "पण त्या खेपेच्या गोळ्या नेलेल्या अजून सहा जणांच्या वाट्या परत आलेल्या नाहीत."

ते त्या सहाही घरी गेले. आळीआळीतून विचारीत घरे सापडेपर्यंत मार्गशीर्ष उजाडला. एका घरी तोंडावर दार लागले. एका घरी मार बसला. एका घरी म्हाताऱ्या बापाने सगळे ऐकून घेतले, 'मला वाटतच होतं' म्हणाला आणि बसायला पाट दिला, आणि तो पाटच त्यांना माराहून जड गेला. प्रत्येक घरात पथ्य मोडल्याचा दोष डोक्यावर घेऊन कोणी ना कोणी जगत होते. कोणी केळे दिले होते, कोणी आंघोळ घातली होती, एका बहिणीने तर नुसती खिडकी उघडली होती. बोधिसत्त्वांनी एकेकाच्या डोक्यावरून ते ओझे उतरवले आणि ते स्वतः घेऊन घरी आले.

पुनर्नवेच्या काढ्याने सामाचे पाय हळूहळू उतरले. माघाच्या शेवटी एके सकाळी ती चालत बोधिसत्त्वांच्या दारी आली. एका हाताने सासूला धरले होते, दुसऱ्या हातात औषधाची वाटी होती. तिने वरची रिकामी दोरी पाहिली. मग तिने वाटी त्यांच्यापुढे धरली. आत गूळ नव्हता. तळाशी दोन घोट आंबील होती.

"तीन वर्षांनी केली," ती म्हणाली. "आळीत सगळ्यांनी प्यायली. तुमची राहिली होती."

बोधिसत्त्वांनी वाटी दोन्ही हातांत घेतली आणि प्यायले. मग ती धुतली आणि रिकाम्या दोरीला बांधली. पुढे त्यांच्या दारी कधी फारशा वाट्या झाल्या नाहीत. पण नगरात कोणाचे माणूस गेले की लोक त्यांना बोलवू लागले, आणि ते जाऊन काय झाले होते ते शेवटपर्यंत ऐकून घेत.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, विहारात सांगितली ती सुदंत नावाच्या भिक्खूला. सुदंत आजाऱ्यांची शुश्रूषा करी. वर्षभर करून तो पार गळून गेला होता. आदल्या दिवशी एक वृद्ध थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू, वारले. सुदंताला डुलकी लागली होती आणि औषधाची वेळ टळली होती. भिक्खूंनी विचारले तेव्हा तो म्हणाला, "कोट्ठकाने त्यांना अवेळी पेज पाजली, मी तरी काय करणार?" तेव्हापासून भिक्खू कोट्ठक भिंतीकडे तोंड करून बसला होता.

कथा संपली तेव्हा सुदंताने मान वर केली नाही. "भगवन्," तो म्हणाला, "तो थकलेला वैद्य कोण होता ते मला कळलं."

"नाही कळलं," शास्ते म्हणाले. "तो मी होतो. एक दिवस वाचवला तोही मीच. रोहक म्हणजे काल गेलेले थेर. सामा म्हणजे आज तिकडे भिंतीकडे तोंड करून बसला आहे तो कोट्ठक. भद्रसेन कोण ते सांगत नाही, त्याला शोधायला फार लांब जावं लागत नाही. आणि जी म्हातारी काही न बोलता घाटावरून उठली, ती तू होतास, सुदंता."

सुदंत उठला, अंगण ओलांडून कोट्ठकाजवळ गेला आणि त्याला म्हणाला, "माझी चूक होती, तुझी नव्हती. मला पाणी दे."

आपली चूक दुसऱ्याच्या माथी राहू न देणे हीही सत्य पारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णताच होय. बोधिसत्त्वांनी त्या जन्मी ती अशी पुरी केली.